क्रेन किती टनाची हे सगळे विचारतात, किती फेऱ्यांची हे कुणीच नाही



आजची पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा, नाहीतर सेव्ह करून रात्री वाचा. विषय निवडणुकीचा नाही आणि ऊसदराचाही नाही, पण ज्यांचा ऊस कारखान्याला जातो, ज्यांच्या घरातलं कुणी यार्डात कामाला आहे किंवा ज्यांना एमआयडीसीत शेड उभी करायची आहे, त्यांनी शेवटपर्यंत वाचावी अशी विनंती.

पावसाळा उतरणीला लागला की आपल्या फीडमध्ये ठरलेले फोटो यायला लागतात. आधी मिल रोलरचं पूजन, मग बॉयलर अग्निप्रदीपन, मग गव्हाणीत मोळी टाकून गळीत हंगामाचा शुभारंभ. पुरुषोत्तमनगरचा सातपुडा असो, डोकारेचा आदिवासी असो की समशेरपूरचा खासगी कारखाना असो, फोटोत हार, नारळ, टोप्या आणि मागे ट्रॅक्टरची रांग. या फोटोंत एक गोष्ट कायम असते आणि तिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. सगळ्यांच्या डोक्यावर उंचावर असलेली ती क्रेन, आणि ती ज्या लोखंडी कॉलम-गर्डरवरून पळते ती गॅन्ट्री.

वर तीन कारखान्यांची नावं घेतली ती फक्त तुम्हाला चित्र डोळ्यासमोर यावं म्हणून. त्यातल्या कुणाच्या गॅन्ट्रीबद्दल मला काहीही म्हणायचं नाही. बोलायचंय ते सगळीकडच्या एका सवयीबद्दल. मी डिप्लोमा करून वीसेक वर्षं शेड आणि गॅन्ट्रीच्या फॅब्रिकेशनमध्ये काढली, आधी सुरतकडे आणि मग इकडे. या वर्षांत क्रेनबद्दल मला एकच प्रश्न विचारला गेला: "किती टनाची?"

दिवसाला किती वेळा उचलणार, वर्षातून किती दिवस, आणि किती वर्षं? हा प्रश्न एकाही मालकाने, संचालकाने, अगदी सरकारी साहेबानेही आपणहून विचारलेला मला आठवत नाही.

फरक काय पडतो ते सांगतो.

बाइंडिंगची तार आपण कशी तोडतो? ओढून तुटत नाही. मग तीच तार इकडे वाकव, तिकडे वाकव, आठ-दहा वेळा केलं की हातात येते. ओढताना लावलेला जोर जास्त होता, वाकवताना कमी होता, तरी तुटली ती वाकवताना. पोलादाचा थकवा म्हणतात तो हाच प्रकार. इंजिनिअर लोक त्याला फटिग म्हणतात. गॅन्ट्रीत एवढाच फरक की तिथे वाकणं डोळ्याला दिसत नाही आणि आठ-दहाच्या ऐवजी लाखो फेऱ्या लागतात. ताण पोलादाच्या ताकदीच्या खूप आत असतो, गणितात सगळं पास असतं, आणि तरी एक दिवस वेल्डिंगच्या कडेला केसाएवढी चीर पडते. मग ती प्रत्येक फेरीला अगदी किंचित पुढे सरकत जाते.

हे काही नवं ज्ञान नाही. १८४२ साली फ्रान्समध्ये व्हर्सायहून पॅरिसला येणाऱ्या रेल्वेच्या इंजिनाचा आस मोडला आणि मोठा अपघात झाला. त्यानंतर लोकांनी यावर डोकं लावलं. जर्मनीत ऑगस्ट वोलर नावाच्या रेल्वे इंजिनिअरने १८५० आणि ६० च्या दशकांत आस फिरवून फिरवून मोडले आणि हिशोब मांडला की इतका ताण असेल तर इतक्या फेऱ्यांनी मोडतो. म्हणजे आपल्याकडे मुंबई ते ठाणे पहिली गाडी धावली त्याच सुमारास हा विषय माणसाला कळायला लागला होता.

आता गव्हाणीकडे येऊ. समजायला सोपे आकडे धरतो, कुठल्या कारखान्याचे नाहीत. दिवसाला २५०० टन ऊस क्रेनने उतरतो आणि एका उचलीत ४ टन येतो असं धरा. म्हणजे दिवसाला ६२५ उचली. हंगाम १५० दिवसांचा धरला तर साधारण ९४ हजार. तीस हंगामांत २८ लाख. बरं, दर उचलीला क्रेन भरलेली जाते आणि रिकामी परत येते. रिकामी क्रेनही काही हलकी नसते, तिचं स्वतःचं वजन गर्डरवर असतंच. शिवाय एका बाजूला कमीत कमी दोन चाकं. रुळाखालच्या वेल्डिंगवरून प्रत्येक चाक गेलं की त्या जागेपुरता एक दणका. म्हणजे उचलीला चार दणके, आणि २८ लाखाचा आकडा गेला एक कोटीच्या वर. दोन क्रेन असतील तर उचली वाटल्या जातील हे खरं, पण मधला गर्डर दोघींचा असेल तर त्याची सुटका नाही.

आपल्या देशात पोलादी बांधकामाचा जो मानक संहिता-ग्रंथ आहे, आयएस ८००, त्याची २००७ ची आवृत्ती उघडून बघा. तेरावं प्रकरण पूर्णच्या पूर्ण थकव्यावर आहे. तिथे प्रत्येक प्रकारच्या जोडाची ताकद ५० लाख आवर्तनांना किती, असं वर्गवार दिलंय. म्हणजे आपला गव्हाणीचा हिशोब पुस्तकात गृहीत धरलेल्या पट्ट्यातच बसतो. फक्त तो करायचा कुणी?

आता दुसरी क्रेन बघा. मिल हाऊसच्या आत एक मोठी ईओटी क्रेन असते. तिच्यावर ठळक आकड्यात टन लिहिलेले असतात आणि पाहुण्यांना तीच दाखवतात. ती रोलर उचलते, गिअरचे भाग उचलते, पण वर्षातून किती वेळा? ऑफ-सीझनला थोडं काम, हंगामात काही बिघडलं तर. टनाने बघितलं तर ती मोठी आणि यार्डातली लहान. थकव्याने बघितलं तर उलटं. यार्डातली क्रेन जन्मभर राबणारी, मोठी क्रेन सणासुदीची. आणि आपण काळजी कुणाची घेतो? जिच्यावर मोठा आकडा लिहिलाय तिची.

या विषयात एक गणित सगळ्यांनी लक्षात ठेवण्यासारखं आहे, आकडेमोड दहावीचीच आहे. वेल्ड केलेल्या जोडाचं आयुष्य ताणाच्या चढ-उताराच्या घनाने बदलतं. ताण सव्वापट झाला की आयुष्य जवळजवळ निम्मं. दुप्पट झाला की आठवा हिस्सा. उलट बाजूनेही खरं: ताण पाचव्या हिश्श्याने कमी ठेवला तर आयुष्य जवळपास दुप्पट. कारखान्याचं विस्तारीकरण करताना याचा विचार व्हायला हवा. १२५० टनांचा २५०० चा करतात, २५०० चा ५००० चा करतात, मिल नवी येते, बॉयलर नवा येतो, क्रेनही मोठ्या ग्रॅबची येते. गॅन्ट्रीचे कॉलम मात्र बऱ्याचदा तेच. फार तर त्यांना दोन्ही बाजूंनी प्लेटा मारतात. वजन पेललं की झालं असं समजतात. जुन्या गर्डरने आधीच किती फेऱ्या खाल्ल्यात, त्याची नोंद कुठल्याच रजिस्टरमध्ये नसते.

"इतकी वर्षं काही झालं नाही ना!" हे वाक्य मी शंभर वेळा ऐकलंय. बाकी बऱ्याच गोष्टींत या वाक्याला अर्थ आहे. शंभर वर्षांचा वडाचा पार अजून उभा आहे तर पक्का असेल, बरोबर. पण थकव्याच्या बाबतीत गेलेली वर्षं ही ताकदीची साक्ष नसते, तो झालेला खर्च असतो.

तडा पडतो कुठे? अंदाजाने कुठेही नाही, ठरलेल्या जागी. एक, रुळाखालच्या वरच्या फ्लँजचा आणि वेबचा जोड. रूळ वेबच्या बरोबर मध्यावर नसेल, थोडा सरकलेला असेल, तर प्रत्येक चाक त्या फ्लँजला एका बाजूला पिरगाळतं. दोन, कॉलमला वेल्ड केलेला ब्रॅकेट, ज्यावर गर्डर बसतो. आणि तिसरी जागा सगळ्यात फसवी: गर्डरचं टोक कॉलमला ज्या पट्टीने बांधलेलं असतं ती. क्रेन गर्डरच्या मध्यावर आली की गर्डर किंचित वाकतो आणि त्याची टोकं फिरतात. त्या टोकाला फिरायची मोकळीक ठेवायला हवी. आमचा वेल्डर मात्र "मजबूत" करायचं म्हणून तिथे चारी बाजूंनी वेल्ड ओढतो. मीही सुरुवातीला ओढून घेतलाय, खोटं कशाला बोलू. जिथे थोडी मोकळीक हवी तिथे आपण जखडून टाकतो आणि मग तडा गेला की आणखी जाड पट्टी लावतो.

रुळाच्या सांध्याचंही तेच. दोन रुळांत फट पडलेली असते, एक थोडा वर, एक थोडा खाली, आणि क्रेन गेली की "ठॅक" असा आवाज येतो. ऑपरेटरला सवय होते. त्या आवाजाच्या बरोबर खाली काय चाललंय हे वर जाऊन बघितलं पाहिजे.

आणि एक रोग तर आपल्याकडे फारच आहे. गर्डरच्या खालच्या फ्लँजला काहीही वेल्ड करणे. लाइट लावायचीय, कर अँगल वेल्ड. केबल न्यायचीय, मार क्लिट. चेन ब्लॉक टांगायचाय, लाव हुक. खालचा फ्लँज म्हणजे क्रेन आली की ताणला जाणारा भाग. तिथला प्रत्येक छोटा वेल्ड म्हणजे तडा सुरू व्हायला केलेली सोय. म्हणून तर चांगल्या ड्रॉइंगमध्ये उभे स्टिफनरसुद्धा खालच्या फ्लँजच्या थोडे वरच थांबवलेले असतात. साइटवर कुणीतरी ती फट बघतो, म्हणतो "हे राहून गेलं वाटतं," आणि भरून टाकतो.

एवढ्याशा वेल्डने काय होतंय, असं वाटत असेल तर नॉर्वेची गोष्ट ऐका. २७ मार्च १९८० ला उत्तर समुद्रात अलेक्झांडर किएलँड नावाचा तरंगता प्लॅटफॉर्म वादळात उलटला. १२३ माणसं गेली. चौकशीत निघालं की त्याच्या एका मोठ्या नळीसारख्या आडव्या भागावर एक लहानसं यंत्र बसवण्यासाठी आधार वेल्ड केला होता. त्या आधारावर कसलंही वजन नव्हतं. ६ मिलिमीटरचा साधा फिलेट वेल्ड. तडा तिथून सुरू झाला, लाटांनी वाढत गेला, एक नळी तुटली, बाकीच्यांवर भार आला आणि एक अख्खा पाय निखळला. समुद्रातल्या लाटा आणि गव्हाणीवरच्या फेऱ्या, पोलादाला दोन्ही सारख्याच.

आणखी एक गैरसमज. "आपण भारी ग्रेडचं स्टील वापरलंय, काळजी नाही." भारी ग्रेडने वजन जास्त पेलतं, मान्य. पण वेल्ड केलेल्या जोडाचा थकवा ग्रेडने जवळजवळ बदलत नाही. संहितेत जोडाच्या आकारावर वर्ग आहेत, स्टीलच्या ग्रेडवर नाहीत. उलट भारी ग्रेड म्हणून प्लेट बारीक केली की ताण वाढतो आणि आयुष्य घटतं. किलोच्या भावाने शेड विकणाऱ्यांकडून कमी किलोचं कोटेशन आलं की आपण खूष होतो, तेव्हा एवढं विचारा की भाऊ, किलो कमी कुठून झाले?

आता कागदपत्रांकडे येतो, कारण माझी खरी तक्रार तिथे आहे.

कारखाने अधिनियम १९४८ च्या कलम २९ ने रीत घालून दिली की प्रत्येक लिफ्टिंग मशीन सक्षम व्यक्तीने बारा महिन्यांतून एकदा तरी नीट तपासायचं. त्या कलमाच्या व्याख्येत क्रेनबरोबर "रनवे" हा शब्दही आहे, म्हणजे जिच्यावरून क्रेन धावते ती वाटही. प्रत्यक्षात होतं काय? हूक बघतात, वायर रोप बघतात, ब्रेक आणि लिमिट स्विच बघतात, वजन उचलून चाचणी घेतात, सही होते. वजन उचललं म्हणजे आजची ताकद कळली. अजून किती फेऱ्या शिल्लक आहेत ते त्या चाचणीत कळत नाही, कळूच शकत नाही. दुसरीकडे इमारतीच्या स्थिरतेचा दाखला देणारा स्ट्रक्चरल इंजिनिअर येतो. तो कॉलम, छप्पर, भिंती बघतो. गॅन्ट्री गर्डर ही त्याला "क्रेनवाल्यांची" वाटते. क्रेनवाल्याला ती "इमारतवाल्यांची" वाटते. दोन दाखले फाइलला लागतात आणि गर्डर दोन्हींच्या मधून निसटतो. यात कुणाची लबाडी असेलच असं नाही. पण वर बारा मीटर उंचीवर जाऊन, काजळी पुसून, वेल्डिंगला डोळे लावणारा माणूस दोघांच्याही यादीत नसतो.

एका कारखान्यात, नाव घेत नाही आणि कमेंटमध्ये विचारूही नका, मी ऑफ-सीझनला गॅन्ट्री बघायला गेलो होतो. गेलो तर सगळी गॅन्ट्री चकचकीत. नुकताच रंग दिलेला. बरोबरचा फिटर आप्पा हसून म्हणाला, "भाऊ, आते काय दिखी? रंग तं मारी टाका!" त्याचं बरोबर होतं. तडा गेलेल्या जागी रंग आधी फाटतो आणि फटीतून तांबूस गंजाची बारीक रेघ उतरते. ती रेघ म्हणजे गर्डरने स्वतः लिहिलेली तक्रार. आपण दरवर्षी तपासणीच्या आधी तिच्यावर रंग मारतो. त्याच आप्पाने पुढे सांगितलं की आदल्या हंगामात एका ब्रॅकेटजवळ अशी रेघ त्याला दिसली होती, सुपरवायझरला सांगितली, तर वरून एक वेल्ड मारून घेतला. आम्ही तिथला रंग खरवडून डाय मारली, तर नव्या वेल्डच्या शेजारीच लाल रेघ उमटली, बोटभर लांब. तडा पोखरून मुळापासून काढायचा असतो, मग वेल्ड, मग घासून गुळगुळीत, आणि मग तडा का पडला याचा शोध. वरून मलम लावला तर आत वाढतच राहतो. तो ब्रॅकेट नीट दुरुस्त झाला, हे सांगायला बरं वाटतं. पण तो सापडला तो आप्पाच्या डोळ्यांमुळे, दाखल्यामुळे नव्हे.

ही डाय म्हणजे काही रॉकेटचं तंत्र नाही. तीन डबे येतात: क्लीनर, लाल डाय, पांढरा डेव्हलपर. जागा साफ करा, डाय मारा, थोडा वेळ थांबा, पुसा, डेव्हलपर मारा. तडा असेल तर पांढऱ्यावर लाल रेघ. आयटीआयची पोरं एका दिवसात शिकतील. शहादा, नंदुरबार, नवापूरला वेल्डर ट्रेडची मुलं आहेत, सुरतेला जाऊन हीच कामं करतात. इथे त्यांच्याकडून का करून घेऊ नये? तडा आहे की नाही ते पोरं सांगतील, त्याचं पुढे काय करायचं ते इंजिनिअरने सांगावं.

यार्डातली गॅन्ट्री तर बहुतेक उघड्यावर. जून ते सप्टेंबर पाऊस खाते, मग हंगामभर धूळ आणि उसाचा रस. गंजाने पडलेला खड्डा म्हणजे तड्याला मिळालेलं आयतं बीळ. त्यामुळे पावसाळ्यानंतर आणि रंगाच्या आधी, ही तपासणीची वेळ. हंगाम सुरू झाल्यावर कोण क्रेन थांबवणार? बाहेर ट्रॅक्टर दोन-दोन दिवस रांगेत, ऊस वाळतोय, शेतकरी शिव्या देतोय. तेव्हा थांबा म्हणणाऱ्याला कुणी उभं करत नाही, हे मलाही कळतं.

भालेर आणि नवापूरच्या एमआयडीसीत शेड टाकणाऱ्या मित्रांसाठी वेगळं सांगतो. तुमच्या वर्कशॉपमध्ये हाताने ओढायची छोटी क्रेन असेल, महिन्यातून चारदा वापरत असाल, तर घाबरू नका. ताण आणि फेऱ्या पुरेशा कमी असतील तर थकव्याचा हिशोब करायची गरज नाही, असं संहिताच म्हणते. उगाच कुणी भीती घालून जादा लोखंड विकत असेल तर त्यालाही हा परिच्छेद दाखवा. पण दिवसभर कॉइल, गाठी किंवा भंगार उचलणारी क्रेन असेल तर गोष्ट वेगळी. क्रेनच्या कामाचे वर्ग एम-१ ते एम-८ असे असतात. क्रेन देणारा वरच्या वर्गाची देतो, कारण त्याला विचारलेलं असतं. शेडवाला दुसरा असतो, त्याला फक्त टन कळवलेले असतात. तो वजनावर धक्क्याचे २५ टक्के वाढवतो, आडव्या जोराचे १० टक्के धरतो, गर्डर किती वाकतो ते तपासतो आणि मोकळा होतो. हे सगळं करायलाच हवं, पण यात फेऱ्या कुठेच आल्या नाहीत. म्हणून ऑर्डरमध्येच लिहून द्या: दिवसाला इतक्या उचली, वर्षाला इतके दिवस, इतकी वर्षं, आणि तेराव्या प्रकरणाप्रमाणे हिशोबाची प्रत द्यावी. खर्च फार वाढेल अशी भीती नको. बऱ्याचदा लोखंड वाढत नाही, जोड बदलतो. वेल्डच्या ठिकाणी बोल्ट येतो, तुटक वेल्डच्या ठिकाणी सलग येतो, एक स्टिफनर थोडा वर थांबतो.

आणि सभासद मंडळींसाठी. सप्टेंबरअखेरपर्यंत सहकारी कारखान्यांच्या वार्षिक सभा होतात. दर, कपात, कर्ज यावर बोला, बोलायलाच हवं. त्यानंतर एक सभासद उठून एवढंच विचारू शकतो: गव्हाणीवरच्या गॅन्ट्रीचे वेल्ड शेवटचे कधी तपासले, रंगाच्या आधी की नंतर, आणि तो कागद कुठे आहे? कारण त्या क्रेनखाली आपलाच ट्रॅक्टर उभा असतो. साखळ्या अडकवायला ट्रॉलीवर चढलेलं पोरगं आपल्याच तालुक्यातलं असतं, नाहीतर धडगाव-अक्कलकुव्याकडून हंगामापुरतं आलेलं. त्याचा विमा आहे का, हा पुढच्या पोस्टचा विषय.

कुणी गॅन्ट्रीवर काम करणारे, क्रेन ऑपरेटर, फिटर इथे असतील तर कमेंटमध्ये लिहा: तुमच्याकडे रंग आधी देतात की तपासणी आधी होते? कारखान्याचं नाव लिहू नका, नोकरी जपा. फक्त आधी की नंतर, एवढंच.